अमीर अलीची जबानी : बुलढाण्यातून एक फेरवाचन

बुलढाणा हे नाव ‘भिल्लठाणा’वरून आले, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, गावाच्या नावात ठाणे आहे. मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूरचा घाट चढून आपण या गावात येतो, तेव्हा याच गावात कधी काळी एक कादंबरीकार अधिकारी म्हणून राहून गेला, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 मध्ये लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि गाजली. ‘ठग’ हा आपला शब्द इंग्रजीत कायमचा रुजला, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. आणि या कादंबरीचा नायक, शेकडो खून केल्याची कबुली देणारा माणूस, मुसलमान आहे. त्याचे नाव अमीर अली.

इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक ही कादंबरी वसाहतकालीन साहित्य म्हणून वाचतात, गुन्हेशास्त्राचे अभ्यासक संघटित गुन्हेगारीचा जुना दस्तऐवज म्हणून. मराठी मुस्लिम वाचकाने ती कशी वाचावी, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट विचारलेला नाही. आपल्याकडे अशा पुस्तकांबाबत दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर ‘ही सगळी आपली बदनामी आहे’ म्हणून पुस्तक मिटायचे, नाही तर ‘साहेबाने लिहिले म्हणजे खरेच असेल’ म्हणून मान खाली घालायची. या दोन्हींनी काम भागत नाही, असे मला वाटते.

आधी लेखकाविषयी. टेलरचा जन्म 1808 चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी तो मुंबईला आला आणि 1824 मध्ये निजामाच्या फौजेत दाखल झाला. तो कंपनीचा नव्हे, निजामाचा नोकर होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. निजामाची दख्खनमधली स्वतंत्र सत्ता ज्या लढाईने पक्की झाली ती 1724 ची लढाई आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला झाली होती. टेलरने हिंदुस्थानी भाषा शिकून घेतली. त्याची पत्नी मेरी पामर ही हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची मुलगी, आणि या विल्यम पामरांची आई फैज बख्श ही मुसलमान बेगम. तेव्हा आपल्या समाजाविषयी टेलरने ऐकीव माहितीवर लिहिले, असे म्हणता येत नाही. पुढे त्याने टिपू सुलतानवर आणि चांदबिबीवरही कादंबऱ्या लिहिल्या.

1853 मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. 1857 चा उठाव झाला तेव्हा टेलरला नळदुर्गहून उत्तर वऱ्हाडच्या कारभारासाठी बुलढाण्याला पाठवण्यात आले. त्याच्या हाताशी फौज नव्हती. लोकांशी असलेल्या संबंधांच्या बळावर त्याने इथे शांतता राखली आणि मद्रासकडून निघालेल्या जनरल व्हिटलॉकच्या फौजेला वाहतुकीचे बैलही मिळवून दिले. उठाव करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या मुलखातल्या माणसांवर विश्वास टाकून कारभार करता येतो, हे ज्याने अनुभवले, त्याच माणसाच्या पुस्तकाने या देशातला रस्त्यावरचा प्रत्येक अनोळखी वाटसरू संशयित करून ठेवला.

आता कादंबरीकडे वळू. अमीर अली तुरुंगात आहे. तो माफीचा साक्षीदार झाला आहे आणि एका ‘साहेबा’समोर बसून आपली हकीकत सांगतो आहे. टापटिपीचा, धार्मिक, गोड बोलणारा असा हा माणूस आहे. टेलरने प्रस्तावनेत म्हटले आहे की हे पात्र काल्पनिक नाही. 1832 मध्ये त्याने अशा एका माणसाला पाहिले होते आणि त्या माणसाने 719 खुनांत आपला हात असल्याचे कबूल केले होते. कादंबरीतला अमीर अली प्रवाशांशी दोस्ती करतो, त्यांच्यासोबत मुक्काम करतो, आणि खूण मिळताच रुमालाने गळा आवळतो. अमरावती, हैदराबाद असा आपल्या ओळखीचा मुलूख या प्रवासात येतो. तो नमाजही पढतो आणि भवानीच्या कुदळीची शपथही घेतो. मुसलमानाला हे कसे चालते, असा प्रश्न तो स्वतःच लहानपणी विचारतो, हे टेलरने टिपले आहे.

कथानकाचा कणा मात्र वेगळाच आहे आणि वाचक तिथे क्वचित थांबतो. अमीर अली ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. तो एका चांगल्या पठाण घरातला मुलगा. आईवडिलांबरोबर प्रवासाला निघालेला असताना ठगांच्या टोळीने दोघांनाही मारले, आणि इस्माईल नावाच्या ठगाने या पोराला उचलून नेऊन आपला मुलगा म्हणून वाढवले. ज्याला तो बाप मानतो तोच त्याच्या आईबापांचा मारेकरी. मागे घरी राहिलेली बहीण पुढे कधी तरी याच अमीर अलीच्या रुमालाने मरते. आपल्या मुलीच्या गळ्यात ताईत म्हणून घालायला एका स्त्रीच्या गळ्यातले नाणे त्याला हवे असते, आणि ती स्त्री आपली सख्खी बहीण होती हे त्याला फार उशिरा कळते.

या कथेचा अर्थ काय होतो? ठगी ही वंशपरंपरेने रक्तातून येते, हे त्या काळच्या सरकारी कागदपत्रांचे आवडते मत होते. ते मत जगभर नेणाऱ्या कादंबरीचा नायक मात्र जन्माने ठग नाही, तो संगोपनाने ठग झाला आहे. दुसऱ्या घरात वाढला असता तर तो सावकाराचा मुनीम झाला असता, नाही तर निजामाचा जमादार. टेलरने हे जाणूनबुजून केले की कथानकाच्या ओघात ते घडले, हा वाद बाजूला ठेवू. पण पुस्तकाच्या मधोमध त्या सिद्धांताला पडलेले हे छिद्र आहे आणि समीक्षेने त्यावर बोट ठेवले पाहिजे.

गंमत अशी, की त्या काळच्या ‘शास्त्रा’लाही तसाच अनुभव आला होता. 1830 च्या दशकात सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबराला पाठवण्यात आल्या. डोक्याच्या ठेवणीवरून स्वभाव सांगणारी एक विद्या तेव्हा तिथे बोकाळली होती. त्या कवट्यांत क्रौर्याचे टेंगूळ अपेक्षेइतके मोठे सापडले नाही. शेवटी दोष संगतीला आणि वाढवणुकीला द्यावा लागला. तरीही पुढे 1876 मध्ये इटलीत लोम्ब्रोसोने ‘जन्मजात गुन्हेगारा’चा ग्रंथ लिहिलाच, आणि आपल्याकडे तर त्याच्याही आधी तसा कायदा झाला होता. त्या कायद्याकडे मी पुढे येतो.

कादंबरीत कारणांचे धागे आणखीही आहेत. ज्या राजांना ठगांकडून नजराणे पोचतात तेच राजे वेळ आली की त्यांना हत्तीच्या पायी देतात. अमीर अली मध्येच चितू पेंढाऱ्याच्या फौजेत जातो. म्हणजे त्या काळी शिपाई, लुटारू आणि ठग यांच्यात भिंत नव्हती. दरबारांच्या फौजा मोडल्या, 1818 नंतर हजारो शस्त्रधारी बेरोजगार झाले आणि वाटांवर पैसा घेऊन फिरणारे प्रवासी वाढले. किम वॅग्नर यांनी 2007 च्या आपल्या ग्रंथात हीच बाजू मांडली आहे. त्यांच्या मते ठग होते, खून होत होते. पण देवीच्या आज्ञेने मारणारा देशव्यापी गुप्त पंथ हे चित्र बरेचसे इंग्रजी कागदांतून उभे राहिले. मला हे मत पटते. ‘ठग नव्हतेच’ असे म्हणणे हा विहिरींत आणि नाल्यांत गाडल्या गेलेल्या प्रवाशांवर अन्याय होईल. त्या मेलेल्यांत मुसलमान व्यापारी होते आणि हिंदू सावकारही. मारणाऱ्यांतही दोन्ही होते.

कादंबरीची खरी अडचण तिच्या रचनेत आहे. सबंध पुस्तक ही एक जबानी आहे, आणि ती माफीच्या साक्षीदाराची जबानी आहे. कर्नल स्लीमनने ठगांच्या बंदोबस्ताची जी पद्धत बसवली तिच्यात पकडलेल्या ठगाला जीवदान मिळे. बदल्यात त्याने साथीदारांची नावे द्यायची, पुरलेली प्रेते दाखवायची. जितकी नावे अधिक तितकी त्याची गरज अधिक. अशा माणसाला सांगत राहणे भाग असते. अमीर अली पान उलटेल तसा अधिकाधिक रंगून सांगतो, आकडे वाढवतो, आपल्या कर्तबगारीचा अभिमान दाखवतो. वाचकाला वाटते, हा राक्षसी स्वभाव आहे. पण त्याचे ऐकणारा साहेब हा त्याच्या मानेचा मालक आहे, हे कादंबरी आपल्याला विसरायला लावते. आणि ज्यांना त्याने मारले त्यांचे बोलणेही आपल्याला मारणाऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते. टेलरचे कथनकौशल्य इथे फार मोठे आहे, म्हणूनच सावध राहायला हवे.

या जबानीमागे कायदाही उभा होता. 1836 च्या तिसाव्या अधिनियमाने ठरवले की कोणी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप द्यावी. अमुक खून याने केला हे दाखवण्याची गरज उरली नाही. कायदा होण्याच्या आधी टोळीत असला तरी तो दोषी. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. कंपनीच्या फौजदारी अदालतींत तोवर कंपनीने दुरुस्त केलेला इस्लामी कायदा चालत असे आणि मुफ्तीचा फतवा घेण्याची रीत होती. ठगीच्या खटल्यांत असा फतवा मागू नये, असे या कलमाने सांगितले. पाठोपाठ 1837 च्या कायद्याने शिक्षा झालेल्या माणसाची साक्षही ग्राह्य ठरली.

हा फतवा अडचणीचा का वाटावा? कारण त्या परंपरेत कबुलीजबाबाकडे संशयाने पाहण्याची शिस्त होती. हजरत माइज बिन मालिक यांची हदीस आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ते स्वतःहून गुन्हा कबूल करायला आले, तेव्हा पैगंबरांनी (स.) तोंड फिरवले. चारदा कबुली झाली तरी हा माणूस शुद्धीवर आहे ना, याची चौकशी केली. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर यांनी चोरीची हद्द लागू करणे थांबवले, ही रिवायतही प्रसिद्ध आहे. भुकेने केलेली चोरी आणि हव्यासाने केलेली चोरी यांत फरक करणे म्हणजेच गुन्ह्याच्या कारणांचा विचार करणे. गुन्हेशास्त्र हा शब्द नव्हता, पण ही दृष्टी होती. जुन्या अदालती आदर्श होत्या असा माझा दावा नाही. त्यांच्यात दिरंगाई होती, लाचलुचपत होती. पण कबुली देणाऱ्याकडे पाहून ‘याच्यावर दबाव कोणाचा?’ हे विचारण्याची सवय 1836 च्या कायद्याने मोडली.

पुढचा रस्ता उताराचा होता. 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला. टोळीतले सभासदत्व हा गुन्हा होता, आता जन्म हाच गुन्हा ठरला. या काळात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा कायदेमंत्री होता. त्याच्याच हातचा 1872 चा पुरावा कायदा मात्र सांगत होता की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. व्यक्तीला संरक्षण आणि जमातीला कुंपण, असा हा दुहेरी कारभार. हाजरी, पास, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे सारे मग आले. या यादीतून मुसलमान सुटले नव्हते. छप्पर शाकारणारे म्हणून ओळखले जाणारे छप्परबंद हे मुसलमान. बनावट नाणी पाडणारी जमात म्हणून त्यांना वेगळे काढण्यात आले. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. आपल्या सभा-संमेलनांत अश्रफ-अजलाफची चर्चा होते, पण या कुंपणातल्या भावंडांची आठवण क्वचित निघते.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. मात्र शिक्का गेला नाही, त्याच्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द आला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग-नियमांवरही बोट ठेवले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे करावे लागले, यावरून शिक्का किती खोल गेला होता ते कळते.

मराठी साहित्याने या जबानीला उत्तर दिले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये. ‘उचल्या’त चोरी आहे, ती लपवलेली नाही. पण ती सांगणारा स्वतः सांगतो आहे आणि समोर साहेब नाही, वाचक आहे. पोलिसांचा मार, भूक, शाळेचा नकार हे सारे चोरीच्या शेजारी बसवून तो दाखवतो. अमीर अलीच्या जबानीशेजारी ‘उचल्या’ ठेवून वाचले, की कबुली आणि आत्मकथन यांतला फरक लख्ख दिसतो.

आपल्या काळात ही गोष्ट आणखी जवळ आली आहे. 1999 च्या ‘मकोका’ने पोलीस अधीक्षकाच्या किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरवला. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्या खटल्यातले कबुलीजबाब न्यायालयाला विश्वसनीय वाटले नाहीत. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी म्हटले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एकोणीस वर्षे ज्यांची गेली त्यांचे दुःख एक. आणि ज्यांची माणसे गाडीत गेली त्यांना खरे मारेकरी कोण हे अजून कळले नाही, हे दुसरे दुःख. खोटी कबुली या दोघांचाही इन्साफ हिरावून घेते.

याच खटल्यात 2015 मध्येच निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. वाङ्मयीन सफाई शोधायला गेलात तर ती तिथे मिळणार नाही. कुठे ते कैफियतीसारखे, कुठे सूचनापत्रासारखे होते. पण कबुली कशी ‘तयार’ होते, याचे बारकावे त्यात आहेत. टेलरच्या कादंबरीत जी खोली अंधारात राहिली होती, तिथे या पुस्तकाने दिवा नेला. माझ्या मते, अमीर अलीला मिळालेले हे मुस्लिम उत्तर आहे.

आता आपल्याविषयी. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. लोकसंख्येतल्या हिश्श्यापेक्षा तुरुंगातला आपला हिस्सा जास्त आहे, हे त्यातून पुढे आले. राज्याच्या लोकसंख्येत 2011 च्या गणनेनुसार आपण साडेअकरा टक्के आहोत. हा आकडा कोणी आपल्या तोंडावर फेकला, की आपण चिडतो. पण चिडण्यापेक्षा या माणसांच्या गोष्टी लिहिण्याची गरज आहे. वकील न मिळालेला कच्चा कैदी, शाळा सुटलेला गॅरेजवरचा पोरगा, नशेच्या गोळ्या विकणारा मोहल्ल्यातला तरुण, हुंड्यासाठी जाळली गेलेली बहीण आणि तिला जाळणारे घरही. ‘आम्ही गुन्हेगार नाही’ एवढेच साहित्याने म्हणत बसायचे ठरवले, तर ते बचावपक्षाच्या वकिलाचे लेखन होईल. साहित्याला कारणे शोधायची असतात. कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही, असे कुरआन सांगतो. एकाच्या गुन्ह्याचे ओझे समाजाने वाहू नये, हे आपण ठासून म्हणतो. मग त्या एकाचा गुन्हाही झाकू नये, हे त्याच आयतीत आले.

म्हणून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ आपल्या तरुणांनी जरूर वाचावी. न्यायाधीश माफीच्या साक्षीदाराची जबानी ऐकतो तशी वाचावी : पूर्ण ऐकून घ्यावी, दुजोरा मागावा, आणि लिहून घेणारा कोण होता ते विचारावे. मी माझ्या विद्यार्थ्यांना ती वाचायला देतो तेव्हा एकच प्रश्न घालतो : इस्माईलने त्या दिवशी ते पोर उचललेच नसते, तर? उत्तरे वेगवेगळी येतात. पण ‘त्याच्या रक्तातच होते’ असे उत्तर कादंबरी संपवलेल्या एकाही मुलाने अजून दिलेले नाही.